बोर्डावर 147, वहीत 146: एका रनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

क्लब लेव्हलची वीस ओव्हरची लीग मॅच, नावं सगळी काढून टाकलीयेत, टीम अ आणि टीम ब एवढंच धरून चाला. अ ची पहिली बॅटिंग. स्कोरिंगला नियमाप्रमाणे दोन जण, एक वहीवाले काका, बरीच वर्षं हातात पेन्सिल धरून स्कोर लिहिणारे, आणि शेजारी मोबाइलवर ॲपमधे स्कोर भरणारा एक पोरगा. मैदानावरचा बोर्ड ॲपला जोडलेला, म्हणजे ॲपमधे जे पडेल ते सगळ्यांना दिसणार, वहीत काय लिहिलंय ते फक्त काकांना माहीत. मी तिथे स्पर्धेच्या बाजूने होतो, कुठल्याच टीमचा नाही, त्यामुळे नंतर जे झालं ते मला दोन्ही स्कोर समोर ठेवून बघता आलं.

पहिली इनिंग संपली तेव्हा बोर्डावर 147/7. ब ला टार्गेट 148. ब्रेक छोटा होता, अंपायर पाणी पिऊन परत आत गेले, वही आणि ॲप कुणीच ताडून बघितले नाहीत. क्रिकेटच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय की स्कोररनी आपापसात वारंवार स्कोर जुळवायचा आणि अंपायरनी प्रत्येक इंटरव्हलला (ड्रिंक्स सोडून) स्कोररबरोबर रन, विकेट आणि ओव्हर पक्क्या करायच्या. पण बोर्ड एवढा मोठा लावलेला असताना वहीत डोकावायचं कोणाला सुचतं.

चेस रंगला. शेवटच्या ओव्हरचे चार बॉल झाले तेव्हा ब चे 145, बोर्डाप्रमाणे दोन बॉलमधे 3 हवे. पाचव्या बॉलला लाँगऑनकडे आरामात एक रन होता, स्ट्राइकवरच्याने घेतला नाही, कारण 3 पाहिजेत म्हणजे चौकारच मारू, समोरचा नवीन आलाय, स्ट्राइक आपल्याकडेच ठेवू. शेवटच्या बॉलवर एक पूर्ण झाला, दुसऱ्याला रनआऊट. रनआऊटमधे आधी पूर्ण झालेला रन धरतात, त्यामुळे 146/8. बोर्ड म्हणाला ब एका रनने हरली, अ चे लोक धावत आत.

आणि तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा, माझ्याकडे अ चे 146च आहेत."

नेमकं काय अडलं

दुसऱ्या इनिंगचा स्कोर दोन्हीकडे सारखा, 146. भांडण फक्त पहिल्या इनिंगच्या एका रनाचं. ॲप खरं असेल तर अ जिंकली, वही खरी असेल तर टाय. या स्पर्धेच्या नियमात लीग मॅच टाय झाली तर पॉइंट वाटून घ्यायचे, सुपर ओव्हर फक्त नॉकआऊटला.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मॅच संपल्यावर अंपायरनी स्कोररबरोबर बसून स्कोर बरोबर आहे असं एकदा मान्य केलं की त्यानंतर निकाल बदलता येत नाही, मग कोणी कितीही व्हिडिओ आणून दाखवा. पण ते मान्य करेपर्यंत सगळं उघडं असतं, आणि स्कोर बरोबर आहे याची खात्री करून घ्यायची जबाबदारी शेवटी अंपायरचीच असते, स्कोररची नाही, बोर्डाची तर अजिबात नाही. सुदैवाने अजून कोणी सही केली नव्हती.

2019 च्या वर्ल्ड कप फायनलचं उदाहरण लगेच कोणीतरी काढलंच. लॉर्ड्सवर न्यूझीलंडच्या गप्टिलचा थ्रो इंग्लंडच्या स्टोक्सच्या बॅटला लागून बाउंड्रीबाहेर गेला आणि सहा रन दिले, नंतर माजी अंपायर सायमन टॉफेलने सांगितलं की पाच द्यायला हवे होते कारण थ्रो सुटला तेव्हा दोघं दुसऱ्या रनसाठी क्रॉस झालेले नव्हते. चर्चा भरपूर झाली, निकाल तसाच राहिला. पण तो अंपायरच्या निर्णयाचा मुद्दा होता, इथे अंपायरचं काही चुकलेलं नव्हतं, त्याने दिलेलं कागदावर नीट उतरलं का एवढाच प्रश्न होता, दोन्हीची गल्लत करू नये.

समोर काय पर्याय होते

अ च्या कॅप्टनचं म्हणणं सरळ होतं, बोर्डावर 147 होते, सगळ्यांनी बघितले, ब ने त्या टार्गेटला मान देऊन चेस केला, आता वही कशाला उघडता. ऐकायला पटतं, पण बोर्डाला नियमात काही स्थानच नाही, तो लोकांच्या सोयीसाठी असतो.

ब चे लोक म्हणत होते वही हीच ऑफिशियल, काका एवढे अनुभवी, विषय संपला. यातही अर्थ नव्हता, स्पर्धेच्या नियमात कुठेही वही मोठी की ॲप मोठं असं लिहिलेलं नव्हतं, आणि अनुभवी माणूस चुकत नाही हे गृहीत धरून निकाल लावायचा तर स्कोरर दोन कशाला ठेवायचे.

तिसरा पर्याय कोणीतरी बाहेरून ओरडून दिला, सुपर ओव्हर खेळा. दोन्ही कॅप्टन जवळजवळ तयार झाले होते! सीनियर अंपायरनी तिथेच मोडता घातला: टाय आहे की नाही हेच ठरलेलं नाही, आणि टाय असली तरी लीगला सुपर ओव्हर नाही. कॅप्टन राजी आहेत म्हणून मॅच संपल्यावर नियम बदलता येत नाहीत, कारण तिथे नसलेल्या बाकीच्या टीमच्या पॉइंटवरही त्याचा परिणाम होतो. माझ्या मते हा दिवसातला पहिला चांगला निर्णय.

उरला चौथा, कंटाळवाणा पर्याय: दोन्ही स्कोर बॉल टू बॉल लावून बघायचे. कॅप्टन बाहेर, आत फक्त दोन अंपायर, दोन स्कोरर आणि मी.

काय केलं

सुरुवातीलाच सीनियर अंपायरनी टॅली मागितली. ज्यांनी कधी स्कोर लिहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, इनिंगची बेरीज दोन बाजूंनी करता येते. एक बॅटिंगच्या बाजूने, सगळ्या बॅटरचे रन अधिक सगळे एक्स्ट्रा (बॅटने न काढलेले रन). दुसरी बोलिंगच्या बाजूने, सगळ्या बोलरनी दिलेले रन अधिक बाय (बॉल बॅटला किंवा अंगाला न लागता मिळालेले रन) अधिक लेग बाय (अंगाला लागून मिळालेले) (पेनल्टीचे पाच कुणाला मिळाले असतील तर तेही). बाय आणि लेग बाय वेगळे का मिळवायचे तर ते बोलरच्या नावावर लागत नाहीत, वाइड आणि नो बॉल मात्र लागतात. म्हणूनच ओव्हरमधे नुसते बाय गेले तरी ती मेडनच (बोलरच्या नावावर एकही रन न लागलेली ओव्हर) राहते, आणि एक वाइड गेला की मेडन मोडली. दोन्ही बेरजा आणि टोटल असे तिन्ही आकडे एक यायला हवेत.

ॲपचं चोख जुळलं: बॅटर 129, एक्स्ट्रा 18, टोटल 147, आणि बोलर 141 अधिक बाय 2 अधिक लेग बाय 4, परत 147. वहीचं नाही जुळलं. बॅटर 128 आणि एक्स्ट्रा 17 म्हणजे 145, बोलर 142 आणि लेग बाय 4 म्हणजे 146, आणि ओव्हरमागून ओव्हर चालत आलेली टोटल 146. काकांचा चेहरा उतरला, पोरगा जरा खुलला. पण ॲपची टॅली जुळणारच हो, तुम्ही एकदा बटण दाबलं की ते तोच आकडा सगळीकडे टाकतं, चुकीचं बटण दाबलं तर चूकही सगळीकडे सारखीच जाते. टॅलीवरून एवढंच कळतं की बेरीज नीट झालीय, मैदानात जे घडलं तेच लिहिलंय का हे त्यातून कळत नाही.

मग एक एक ओव्हर. काका वाचणार, पोरगा स्क्रीनवर बघणार.

चौथ्या ओव्हरमधे पहिला फरक, पण टोटलचा नाही. नो बॉल, बॅटला लागलाच नाही, कीपरच्या बाजूने गेला, दोन पळाले. अंपायरनी आधी नो बॉल आणि मग बायची खूण केली होती (खुणा ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने देतात). काकांनी तिन्ही रन नो बॉलमधे टाकले, ॲपमधे 1 नो बॉल आणि 2 बाय. इथे ॲप बरोबर. पूर्वी काका करतात तसंच होतं, पण 2017 पासूनच्या नियमांत नो बॉलचा फक्त एक पेनल्टी रन नो बॉलमधे जातो, बॅटला न लागता पळालेले बाय किंवा लेग बायमधे. वाइडचं मात्र बदललेलं नाही, वाइडवर जे काय पळाल ते सगळं वाइडच. टोटल दोन्हीकडे तीनच, पण त्या बोलरची फिगर (ओव्हर-मेडन-रन-विकेट) वहीत 4-0-31-1 आणि ॲपमधे 4-0-29-1. हे त्याला नंतर सांगितलं तर तो मॅचच्या निकालापेक्षा जास्त खूश झाला.

आठ ओव्हरअखेर दोन्हीकडे 51. नवव्या ओव्हरअखेर ॲप 62, वही 61. सापडलं! लेगसाइडला वाइड, कीपरलाही मिळाला नाही, थेट बाउंड्री. अंपायरची वाइडची खूण, मग चौकाराची. काकांनी 4 वाइड लिहिले. वाइडचा एक आणि बाउंड्रीचे चार, एकूण 5 होतात. दोन्ही अंपायरना बॉल आठवत होता, वाद नव्हताच. वही 1 ने कमी, म्हणजे वहीचे 147, ॲपचे 147, दोन्ही सारखे, अ जिंकली.

पोरगा फोन बंद करायला लागला, ज्युनियर अंपायर पेन शोधायला लागले, बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं. फरक एका रनाचा होता, एका रनाची चूक सापडली, आणखी काय पाहिजे. इथे थांबले असते तर कोणीही नावं ठेवली नसती, आणि निकाल चुकीचा लागला असता. सीनियर अंपायर म्हणाले वहीची टॅली अजून जुळलेली नाही. आणि खरंच, वाइडचा एक वाढवला तर बॅटिंगची बाजू 146 होते आणि बोलिंगची 147, आधी एकचा फरक होता तो आताही एकचाच. म्हणजे जी चूक सापडली तिने टॅली बिघडलेलीच नव्हती, ती दोन्ही बाजूंना सारखीच होती. टॅली बिघडवणारी चूक दुसरीच कुठेतरी होती. सही नको, पुढे वाचा. या सगळ्या प्रकरणात कळीचा निर्णय मला हाच वाटतो.

तेराव्या ओव्हरपर्यंत फरक एकचाच राहिला. तेराव्या अखेर ॲप 92, वही 90. तिसऱ्या बॉलला ॲपमधे 2, वहीत 1.

पोरगा वहीवर वाकून म्हणाला, "पण काका, सिंगल काढली असती तर पुढचा बॉल दुसऱ्याने खेळायला पाहिजे ना? तुमच्या वहीत चौथा बॉलपण याच्याच नावावर आहे."

"अरे बाळा, पळाले दोनच. एक शॉर्ट. वर बघ काय लिहिलंय."

त्या 1 च्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक 'एस' होता. शॉर्ट रन म्हणजे पळताना बॅटरने क्रीझच्या आत बॅट किंवा शरीर न टेकवताच मागे वळणं, तो रन धरत नाहीत पण पळालेले बॅटर जिथे आहेत तिथेच राहतात, म्हणून एक रन मिळूनही स्ट्राइक त्याच्याकडेच. (मुद्दाम शॉर्ट पळाले तर प्रकरण वेगळं, तिथे पाच रनांची पेनल्टी आहे.) एरवी स्कोर वाचताना एका रननंतर तोच बॅटर परत स्ट्राइकवर दिसला की आपण चूक समजतो, इथे तोच पुरावा ठरला. आणि स्क्वेअर लेगला उभे असलेले अंपायर समोरच बसलेले, त्यांनी हात वाकवून बोटांची टोकं त्याच बाजूच्या खांद्याला लावून दाखवली, "मी ही खूण दिली, तिकडून हात वर आला, मग खेळ सुरू केला."

हात काकांचा होता. पोराने पळणं संपता संपता 2 दाबून टाकलं होतं आणि खूण झाली तेव्हा तो स्क्रीनवर बोलरचं नाव दुरुस्त करत होता. नियम म्हणतो प्रत्येक खुणेला स्कोररकडून वेगळी पोच मिळाल्याशिवाय अंपायरने खेळ सुरू करायचा नाही, पण ती पोच एका स्कोररने दिली तरी पुरते. त्या फटीतून हा रन निसटला.

शॉर्ट रन किती महाग पडतो याचं मोठं उदाहरण 2020 च्या आयपीएलमधलं, दुबईत दिल्लीविरुद्ध पंजाबचा एक रन शॉर्ट म्हणून कापला, रिप्लेमधे बॅट आत टेकलेली दिसत होती, दोन्ही टीमचे 157 झाले आणि दिल्लीने सुपर ओव्हर जिंकली. तिथे खूण चुकीची होती आणि सगळ्यांनी बघितली, इथे खूण बरोबर होती आणि एकाने बघितली नाही.

आता ॲप 146, वही 147. परिस्थिती बरोबर उलटी, आणि खोलीत कोणी हसलं नाही.

सतरावी ओव्हर. नो बॉल, बॅटने मारला, एक पळाले. वहीत नो बॉलला गोल काढतात आणि गोलाच्या आत फक्त बॅटने काढलेले रन लिहितात, म्हणजे इथे गोलात 1, आणि गोलाचा स्वतःचा एक, एकूण दोन. काकांनी त्या दिवशी गोलात 2 लिहिले, बहुतेक मनात बेरीज आधीच झाली होती, आणि ओव्हर संपल्यावर सवयीने गोलाचा एक परत मिळवला. तीन. बॅटरच्या रांगेत मात्र बरोबर 1च होता, एक्स्ट्रातही एकच, म्हणून बॅटिंगची बाजू एकने मागे आणि बोलिंगची पुढे. टॅलीतला तो एक इथे बसला होता. ॲपमधे हा बॉल अगदी बरोबर.

वही 146. शेवटच्या तीन ओव्हर तरीही वाचल्या, काही निघालं नाही. अंतिम हिशोब: बॅटर 128, वाइड 9, नो बॉल 3, बाय 2, लेग बाय 4, एकूण 146. बोलर 140 अधिक 6, एकूण 146.

गंमत बघा, वहीचा पहिलाच आकडा बरोबर निघाला, पण दोन चुका एकमेकींना खाऊन. ॲपमधे सबंध इनिंगमधे एकच चूक होती आणि तिनेच बोर्ड चुकवला.

निकाल

टाय. सगळ्या ओव्हर टाकून झालेल्या असल्यामुळे खेळ परत सुरू करायचा प्रश्नच नव्हता (वेळ आणि ओव्हर शिल्लक असताना अशी चूक सापडली तर, एक टीम हार मानत नसेल तर, अंपायर सगळ्यांना परत मैदानात पाठवू शकतात). अंपायर आणि दोन्ही स्कोररनी 146 वर सह्या केल्या आणि मग कॅप्टनना आत बोलवलं, आधी नाही. अ चा कॅप्टन नाराज होता, पण त्याला तेराव्या ओव्हरचं पान दाखवलं तेव्हा त्याचा स्वतःचा बॅटरच म्हणाला, हो, शॉर्ट दिला होता मला. त्याचे वैयक्तिक 38 चे 37 झाले. नेट रनरेटमधे दोघांचे 20 ओव्हरला 146, 7.30 ला 7.30, फरक शून्य.

ब ला पॉइंट मिळाला पण पूर्ण न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही. खरं टार्गेट 147 होतं. पाचव्या बॉलला दोन बॉलमधे दोनच हवे होते, ती सोडलेली सिंगल त्यांनी डोळे झाकून घेतली असती आणि शेवटच्या बॉलला एकच रन जिंकायला लागला असता. उलट अ चा कॅप्टन म्हणू शकतो की मीही मग फील्ड वर घेतली असती. दोन्ही खरं, आणि यातलं काहीच कागदावर दुरुस्त होत नाही. टोटल नंतर सुधारता येते, चुकीच्या टार्गेटवर खेळलेले बॉल परत खेळता येत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे इनिंग ब्रेक. तिथे दोन आकडे शेजारी ठेवले असते तर फरक दिसला असता, आणि ब योग्य टार्गेट घेऊन उतरली असती. त्याहून आधी, प्रत्येक ओव्हरनंतर काकांनी "51, दोन विकेट" आणि पोराने "51, दोन" एवढं मोठ्याने म्हटलं असतं तर नवव्या ओव्हरलाच दोघं अडखळले असते. ते दोघं शेजारी बसून चार तास गप्पा मारत होते, स्कोर सोडून सगळ्यावर.

खुणेच्या बाबतीत, पोच एकाची पुरते हे खरं, पण हात वर करणाऱ्याने तोंडाने "शॉर्ट, एकच" असं म्हणायला काय जातं. ॲपवाल्याने बॉल डेड होऊन अंपायरकडे एकदा बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही, नावं दुरुस्त करायची कामं ओव्हरच्या मधे. मला वाटतं ॲपवर एकट्या माणसाला बसवून बोर्डही त्यालाच जोडणं ही मूळ रचनाच चुकीची होती, पण बऱ्याच ठिकाणी माणसंच मिळत नाहीत त्यामुळे हे बोलणं सोपं आहे.

सही करण्याआधी टॅली मागायची सवय मात्र सगळ्या अंपायरना नसते, आणि इथे ती नसती तर नवव्या ओव्हरला फाइल बंद झाली असती. पुढच्या मॅचपासून स्पर्धेने एवढंच केलं की ब्रेकमधे दोन्ही स्कोर जुळल्याची सही घेतल्याशिवाय बोर्डावर टार्गेट लावायचं नाही. पहिल्याच मॅचला त्यामुळे दुसरी इनिंग थोडी उशिरा सुरू झाली, एक लेग बाय कोणाच्या तरी बॅटरच्या नावावर पडला होता, आणि तो बॅटर अर्थातच म्हणत होता की बॅटला लागला होता.